ग्राहक कुणी पाठवला आणि कमिशन कुणाचं?

वाचकाचं पत्र :

"आमचा लाकडी फर्निचर बनवण्याचा व्यवसाय आहे. मी आणि माझा भाऊ मिळून तो चालवतो. ऑर्डरप्रमाणे कपाटं, पलंग, टेबलं बनवतो आणि लहान तयार वस्तू वेबसाइटवरूनही विकतो. निम्म्याहून जास्त ग्राहक आमच्याकडे दुसरे व्यावसायिक पाठवतात : इंटिरिअर डिझायनर, रंगकामाचे ठेकेदार, पडद्यांचं दुकान, घरसामान हलवणारी कंपनी. प्रत्येकाला विक्रीवर ८ टक्के कमिशन द्यायचं असं तोंडी ठरलं आहे. नोंदी काही व्हॉट्सॲपवर आहेत, काही माझ्या वहीत, तर काही भावाच्या डोक्यात. गेल्या महिन्यात एका डिझायनरने विचारलं, 'मी पाठवलेल्या ग्राहकाचं कमिशन कुठे आहे?' आमच्या समजुतीप्रमाणे तो ग्राहक वेबसाइटवरून आला होता. तेवढ्यात पडदेवाल्यांनीही त्याच ग्राहकावर हक्क सांगितला. त्यात ग्राहकाने अर्धी ऑर्डर रद्द केली. भाऊ म्हणतो, ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर घेऊन टाकू. मला नात्यांची काळजी वाटते. आम्ही लबाड आहोत असं कुणाला वाटायला नको. काय करू?"

उत्तर :

सस्नेह नमस्कार,

तुमची काळजी अगदी योग्य ठिकाणी आहे. कमिशनवरून जे वाद होतात त्यांतली रक्कम बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना झेपण्यासारखी असते. मन दुखावतं ते मागावं लागल्यामुळे. तुमच्या डिझायनरने तो प्रश्न विचारण्याआधी बरेच दिवस मनात घोळवला असणार. विचारू की नको, विचारलं तर हावरट दिसेन का, असं तिला वाटलं असणार. पुढचं सगळं मी एका गोष्टीभोवती सांगणार आहे : तुमच्या भागीदाराला, म्हणजे तुमच्याकडे ग्राहक पाठवणाऱ्या व्यावसायिकाला, स्वतःच्या पैशांबद्दल कधीही विचारावं लागू नये. तुम्हाला माहीत आहे तेवढं त्यालाही माहीत हवं, आणि तेही त्याने न मागता.

आधी समोरचा वाद मिटवू. तुमच्याकडे लिखित नियम नव्हता, त्यामुळे इथे कोण बरोबर हे शोधत बसू नका. ते सापडणार नाही. डिझायनरकडे आणि पडदेवाल्यांकडे त्या ग्राहकाबद्दलचा जुना संदेश किंवा तारीख असेल तर ती मागा, तुमच्या वेबसाइटवर पहिली चौकशी कधी आली तेही बघा. संदेश सापडला तर ज्याचा आधीचा, त्याचं कमिशन. काहीच सापडलं नाही, तर मी दोघांना अर्धं अर्धं देईन आणि वेबसाइटचा मुद्दा सोडून देईन. नियम लिहून ठेवणं तुमच्या हातात होतं, त्यांच्या नव्हे, म्हणून संशयाचा फायदा त्यांना मिळायला हवा. कमिशन मात्र ग्राहकाने ठेवलेल्या अर्ध्या ऑर्डरवरच द्या. रद्द झालेल्या मालाचे पैसे तुमच्याकडे आलेच नाहीत, हे कुठलाही व्यावसायिक समजून घेईल, फक्त ते आकड्यांसकट सांगायला हवं.

हे करताना एक तारीख ठरवा आणि सगळ्या भागीदारांना कळवा की त्या तारखेआधीचं काही राहून गेलं असेल तर महिनाभरात सांगावं, आम्ही उदारपणे बघू. त्या तारखेनंतर नवा नियम. जुन्या आणि नव्याची सरमिसळ झाली की नवा नियमही पहिल्याच महिन्यात लंगडा पडतो.

आता भावाच्या सॉफ्टवेअरबद्दल. त्याचा विचार चुकीचा नाही, पण ते आत्ता घेऊ नका. सॉफ्टवेअर ठरलेला नियम राबवतं. तुमच्याकडे नियमच ठरलेला नाही, त्यामुळे ते विकत घेतल्यावर त्यातली पहिली सेटिंग भरताना तुम्ही अडकाल : श्रेय पहिल्याला की शेवटच्याला? किती दिवसांपर्यंत? कमिशन कशावर? परतावा झाला तर? तिथे घाईने काहीतरी निवडलं जाईल आणि मग 'सिस्टीम असं दाखवते' हे उत्तर तुम्ही भागीदाराला द्याल. नातं बिघडवायला तेवढं पुरेसं आहे.

म्हणून आधी कागद. एक पान पुरे. त्यात नेमकं काय लिहायचं यावर थोडं थांबून बोलू.

सगळ्यात पहिला प्रश्न : ग्राहक 'पाठवला' म्हणजे काय केलं? ठेकेदाराने रंग देताना सहज तुमचं नाव घेतलं, तर ते पाठवणं झालं का? माझ्या मते नाही, निदान कमिशनसाठी नाही. भागीदाराने ग्राहकाची परवानगी घेऊन त्याचं नाव, फोन आणि काय हवं आहे हे तुम्हाला कळवलं पाहिजे, आणि तेही ग्राहक तुमच्याशी पहिल्यांदा बोलायच्या आधी, फार तर त्याच दिवशी. याला आपण नोंदणी म्हणू. आणि इथे तुमची जबाबदारी सुरू होते. ती नोंदणी आली की दोन कामाच्या दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे. उत्तरं दोनच असू शकतात : 'नोंदवला, क्रमांक अमुक, मुदत अमुक तारखेपर्यंत', किंवा 'हे ग्राहक अमुक तारखेपासून आमच्या संपर्कात आहेत, त्यामुळे ही नोंद धरता येणार नाही.' दुसरं उत्तर लिहिताना जीव कचरतो, पण ते आज लिहिणं सोपं असतं. तीन महिन्यांनी, माल पोचल्यावर, तेच वाक्य विश्वासघातासारखं वाचलं जातं. गेल्या महिन्यात तुम्हाला नेमकं याच उत्तराने वाचवलं असतं.

दोन दिवसांत तुमच्याकडून काहीच उत्तर गेलं नाही तर? नोंद मान्य झाली असं धरायचं. हे कलम तुमच्या विरुद्ध जाणारं आहे आणि म्हणूनच ते घाला. त्याने तुम्हाला शिस्त लागेल आणि भागीदाराला कळेल की नियम दोन्ही बाजूंना बांधतात.

दुसरा प्रश्न मुदतीचा. ॲमेझॉनने १९९६ मध्ये स्वतःची भागीदार योजना सुरू केली : दुसऱ्यांनी आपल्या वेबसाइटवर लिंक देऊन ग्राहक पाठवायचे आणि कमिशन घ्यायचं. तिथे लिंकवर क्लिक केल्यावर खरेदीसाठी साधारण २४ तासांची मुदत असते. पुस्तक किंवा चार्जर घेणाऱ्याला तेवढा वेळ पुरतो. पलंग बनवून घेणारं घर मात्र मोजमापं घेतं, लाकूड बघतं, घरात चर्चा करतं, महिनाभर गप्प बसतं आणि मग फोन करतं. त्यामुळे दुसऱ्याची मुदत उचलून आपल्याला लावू नका. तुमच्या मागच्या पंचवीस-तीस ऑर्डरी काढा, पहिली चौकशी आणि आगाऊ रक्कम यांतलं अंतर बघा. त्यातल्या बहुतेक ऑर्डरी ज्या अंतरात बसतात, त्यात थोडी भर घालून मुदत ठरवा. ऑर्डरप्रमाणे बनवायच्या मालाला ती ९० दिवस किंवा १२० दिवस निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. वेबसाइटवरच्या तयार वस्तूंना वेगळी आणि बरीच लहान मुदत ठेवा. एकाच व्यवसायात दोन मुदती असणं यात काही गैर नाही.

तिसरा प्रश्न श्रेयाचा, आणि यावर मी ठाम आहे. ऑनलाइन विक्रीत शेवटच्या क्लिकला श्रेय देण्याची जुनी सवय आहे, कारण यंत्राला तेच मोजणं सगळ्यात सोपं जातं. तुमच्या धंद्यात ते अन्यायाचं ठरेल. डिझायनर ग्राहकाला घेऊन बसते, तुमच्या कामाचे फोटो दाखवते, तुमची हमी देते. पंधरा दिवसांनी तोच ग्राहक वेबसाइट उघडतो किंवा पडद्यांच्या दुकानात तुमचं कार्ड बघतो. खरं काम कुणी केलं? म्हणून मुदतीच्या आत पहिली वैध नोंद करणाऱ्याला पूर्ण श्रेय, असा नियम ठेवा. मुदत संपली आणि मग दुसऱ्याने तोच ग्राहक पुन्हा आणला, तर श्रेय दुसऱ्याचं. वाटणीची तरतूद एकाच प्रसंगासाठी ठेवा : दोन भागीदारांनी एकाच दिवशी नोंद केली तर अर्धं अर्धं. यापेक्षा गुंतागुंतीची टक्केवारी, म्हणजे ओळख करून देणाऱ्याला इतकं, पाठपुरावा करणाऱ्याला तितकं, असं काही करू नका. ज्या वाटपाचं गणित भागीदाराला स्वतः कागदावर करता येत नाही, त्यावर तो विश्वास ठेवणार नाही.

चौथा प्रश्न : ८ टक्के कशावर? तुमच्या पत्रात 'विक्रीवर' असं आहे, आणि माझ्या अंदाजाने पुढचा वाद इथूनच उठेल. समजा बिल १,००० चं आहे. त्यात मालाचे ८५०, पोचवणं आणि जोडणीचे ५०, कराचे १००. भागीदार मनात १,००० चे ८ टक्के म्हणजे ८० धरून बसला आहे. तुम्ही ८५० चे ८ टक्के म्हणजे ६८ पाठवता. फरक फक्त १२ चा, पण त्याला वाटतं की आपले १२ कापले. कर सरकारचा असतो, पोचवण्याचे पैसे बहुधा वाहतूकवाल्याकडे जातात, त्यामुळे मालाच्या किमतीवर कमिशन देणं योग्यच आहे. फक्त ते आधी लिहा आणि असंच एक उदाहरण त्या पानावर छापा. सूट दिली तर सूट वजा करून उरलेल्या रकमेवर कमिशन, हेही लिहा. भाऊ ग्राहकाला खूश करायला ऐनवेळी सूट देत असेल तर भागीदाराचं कमिशनही कमी होतं, हे त्याच्या लक्षात आणून द्या. मोठी सूट द्यायची असेल तर आधी भागीदाराला एक फोन करावा. तो नाही म्हणणार नाही, पण विचारलं हे लक्षात ठेवेल.

पाचवा प्रश्न, कमिशन कधी लागू होतं? ऑर्डर पक्की झाल्यावर, माल पोचल्यावर की पैसे आल्यावर? पैसे आल्यावर, आणि जेवढे आले तेवढ्याच प्रमाणात. वरच्याच उदाहरणात ग्राहकाने ४० टक्के आगाऊ दिले तर ६८ च्या ४० टक्के, म्हणजे २७.२० एवढं कमिशन त्या दिवशी जमा धरायचं. प्रत्यक्ष देताना मात्र थोडं थांबा. ऑर्डर रद्द करण्याची जी मुदत तुम्ही ग्राहकाला देता ती उलटल्यावरच पैसे पाठवा, म्हणजे दिलेलं परत मागायची वेळ येणार नाही. दिलेलं कमिशन परत मागणं फार अवघड जातं. तशी वेळ आलीच तर पैसे परत मागू नका, पुढच्या हिशेबातून वजा करा आणि तसं पानावर आधीच लिहून ठेवा.

आता नोंदी. एक साधी शीट पुरेल, ऑनलाइन असली तर उत्तम, म्हणजे तुम्ही आणि भाऊ एकच प्रत बघाल. तिच्यात दोन पानं ठेवा. पहिलं पान ग्राहकांचं, एका नोंदणीला एक ओळ : क्रमांक, तारीख, भागीदार, ग्राहकाचं नाव, फोन, पत्ता, नोंद मान्य की अमान्य, मुदत कधी संपते, ऑर्डर क्रमांक. दुसरं पान पैशांचं, आणि तिथे प्रत्येक रकमेला स्वतंत्र ओळ. आगाऊ आलं, एक ओळ. दुसरा हप्ता आला, दुसरी ओळ. परतावा दिला, उणे आकड्याची तिसरी ओळ. कमिशन दिलं, तीही ओळ.

बहुतेक लोक एका ग्राहकाची एकच ओळ करतात आणि रक्कम बदलली की त्याच रकान्यात खोडून नवा आकडा टाकतात. चारच महिन्यांत आधी काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या त्या अर्ध्या रद्द झालेल्या ऑर्डरचं नेमकं हेच झालं असावं. आकडा खोडायचा नाही, त्याला उलटी नोंद करायची. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने द्विनोंदी पद्धत छापील स्वरूपात मांडली, तेव्हापासून जगभरचे हिशेबनीस व्यवहाराच्या दोन्ही बाजू लिहीत आले आहेत. कमिशनच्या बाबतीत त्याचा अर्थ असा : ग्राहकाचे पैसे आले त्याच दिवशी कमिशन हा तुमचा खर्च झाला आणि भागीदाराचं देणंही उभं राहिलं. ते पैसे तुमच्या खात्यात दिसतात, पण ते तुमचे नाहीत. महिन्याच्या शेवटी लाकूडवाल्याचं बिल भागवताना हे विसरायला होतं, म्हणून शीटच्या अगदी वर एक ठळक आकडा ठेवा : आज भागीदारांचं एकूण देणं किती. शक्य असेल तर तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात काढून ठेवा.

एक अडचण तुम्हाला नक्की येईल. डिझायनरने नवऱ्याचा फोन नोंदवलेला असतो, चौकशी बायको तिच्या फोनवरून करते आणि बिल सासऱ्यांच्या नावावर होतं. शीटमध्ये तिन्ही ओळी वेगळ्या दिसतात आणि तुम्हाला प्रामाणिकपणे वाटतं की हा ग्राहक आपलाच, कुणी पाठवलेला नाही. फर्निचर घरासाठी घेतलं जातं, माणसासाठी नाही, त्यामुळे जुळवताना माल पोचवायचा पत्ता बघा. ऑर्डर पक्की करण्याआधी पत्त्याने एकदा शोध घ्यायचा, ही सवय दोघांनी लावून घ्या. दोन वर्षांपूर्वी नोंदवलेल्या घराने पुन्हा ऑर्डर दिली तर जुन्या भागीदाराला काही मिळतं का, हेही त्या एका पानावर ठरवा. माझा कल पहिल्या ऑर्डरपुरतंच कमिशन देण्याकडे आहे, कारण दुसऱ्यांदा ग्राहक तुमच्या कामामुळे येतो. पण तुम्ही दुसऱ्या ऑर्डरवर निम्मं द्यायचं ठरवलंत तर तेही चांगलंच आहे. मात्र ते सगळ्यांना सारखं असू द्या.

वेबसाइटचा भाग वेगळा आहे. तिथे भाऊ म्हणतो ते ट्रॅकिंग खरंच उपयोगी आहे, पण त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे समजून घ्या. प्रत्येक भागीदाराला स्वतःची लिंक देता येते. लिंकच्या शेवटी जे 'यूटीएम' लिहिलेलं दिसतं, ते अर्चिन नावाच्या कंपनीकडून आलं आहे. गूगलने ती कंपनी २००५ मध्ये विकत घेतली आणि वेबसाइटवरच्या भेटी मोजणारं गूगल ॲनालिटिक्स त्यातूनच उभं राहिलं. त्या खुणेमुळे भेट कुठून आली ते कळतं. ती ओळख पुढे टिकवण्यासाठी ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद लिहिली जाते, तिला कुकी म्हणतात. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुलीने १९९४ मध्ये कुकी तयार केली, वेबसाइटला ग्राहक आठवावा म्हणून. पण ग्राहकावर पाळत ठेवायला तिचा इतका वापर झाला की ब्राउझर बनवणाऱ्यांनी तिला लगाम घातला. ॲपलच्या सफारीने २०१७ पासून ट्रॅकिंग रोखायला सुरुवात केली आणि २०१९ पासून वेबपानावरच्या स्क्रिप्टने लिहिलेली कुकी तिथे जास्तीत जास्त सात दिवस टिकते. म्हणजे 'आमच्या लिंकला ३० दिवसांची मुदत आहे' असं तुम्ही लिहिलंत तरी आयफोनवरून आलेल्या ग्राहकाच्या बाबतीत तुमचं यंत्र आठव्या दिवशी भागीदाराला विसरलेलं असू शकतं. शिवाय ग्राहक लिंक मोबाइलवर उघडतो आणि खरेदी लॅपटॉपवर करतो. तेव्हाही धागा तुटतो. यात लबाडी कुणाचीच नसते, पण पैसे भागीदाराचे बुडतात.

म्हणून लिंकच्या जोडीला प्रत्येक भागीदाराला एक कूपन कोड द्या. तो टाकल्यावर ग्राहकालाही थोडी सूट मिळावी, नाहीतर कोड टाकायचे कष्ट तो का घेईल? कोड फोनवर सांगता येईल इतका सोपा ठेवा. शून्य आणि इंग्रजी 'ओ', एक आणि 'आय' यांचा गोंधळ होणारी अक्षरं टाळा. कोडचाही एक दोष आहे : तो फुटतो. कूपन गोळा करणाऱ्या साइटवर तो जातो, ब्राउझरला जोडलेली काही छोटी सॉफ्टवेअर (एक्स्टेन्शन) तर पैसे भरायच्या क्षणी स्वतःहून कोड भरतात, आणि कुणीही न पाठवलेले ग्राहक एका भागीदाराच्या नावावर जमू लागतात. एखाद्या कोडवर अचानक गर्दी झाली तर आधी आनंद मानू नका, ऑर्डरी उघडून बघा. कोड फुटला असेल तर भागीदाराला विश्वासात घेऊन तो बदला. बहुतेक वेळा त्याचा त्यात काही हात नसतो, तेव्हा बोलताना आरोपाचा सूर नको.

आणि ऑर्डरच्या फॉर्मवर एक प्रश्न ठेवा : 'आमच्याबद्दल तुम्हाला कुणाकडून कळलं?' लोक विसरतात, चुकीचं सांगतात, हे धरून चाला. तरी जिथे बाकी काही हाती लागत नाही तिथे ग्राहकाचा शब्द कामाला येतो. पुराव्यांचा क्रम पानावर लिहून टाका : आधी मान्य झालेली नोंदणी, मग कोड, मग लिंक, आणि शेवटी ग्राहकाने सांगितलेलं.

आता मला सगळ्यात जास्त कळकळ असलेला भाग. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला प्रत्येक भागीदाराला त्याचा हिशेब पाठवा. त्यात मागची बाकी, या महिन्यात नोंदवलेले ग्राहक आणि त्यांची सद्यस्थिती, आलेले पैसे, त्यावर लागू झालेलं कमिशन, परताव्यामुळे झालेली वजावट, दिलेली रक्कम आणि शिल्लक. काहीच झालं नसेल त्या महिन्यातही पाठवा, शून्य लिहून पाठवा. शून्याचा हिशेब पाठवणं वायफळ वाटतं, पण भागीदाराच्या बाजूने विचार करा : त्याने तीन ग्राहक पाठवले आणि दोन महिने तुमच्याकडून काहीच आलं नाही. त्याला कळतच नाही की ग्राहकांनी घेतलं नाही, की घेतलं आणि आपल्याला सांगितलं नाही. त्या शांततेत माणूस वाईट तेच धरतो. 'तीन नोंदी, एकाने नकार दिला, दोघांचं मोजमाप झालं आहे, अजून ऑर्डर नाही' एवढं वाचलं की त्याच ग्राहकांना तो स्वतःहून फोन करून तुमची आठवण देईल. आक्षेपासाठी १५ दिवस द्या आणि आक्षेप आलाच तर त्याचं उत्तर कुणी द्यायचं ते ठरवून ठेवा. या हिशेबात ग्राहकाचा फोन, पत्ता, त्याने आणखी काय काय घेतलं हे टाकू नका. नोंद क्रमांक आणि नावाची आद्याक्षरं पुरेत. ग्राहकाची माहिती तुमच्याकडे कामापुरती आली आहे.

डिझायनरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती टाळून मला हे उत्तर पूर्ण करता येणार नाही. डिझायनरला ग्राहक स्वतः फी देतो. तीच डिझायनर तुमच्याकडून ८ टक्के घेऊन तुमचं नाव सुचवते, आणि ग्राहकाला ते माहीत नसेल, तर तुम्ही दोघं मिळून त्याच्यापासून काहीतरी लपवत आहात. अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणारी सरकारी संस्था, फेडरल ट्रेड कमिशन, शिफारस करणाऱ्याला असे आर्थिक संबंध उघड करायला सांगते, इतरही अनेक ठिकाणी असे नियम आहेत. पण नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं. पानावर एक ओळ घाला : भागीदाराने ग्राहकाला कमिशनची कल्पना द्यावी, आणि ग्राहकाने आम्हाला विचारलं तर आम्ही खरं सांगू. काही डिझायनर यावर कुरकुरतील. एखादी म्हणेल की कमिशन नको, तेवढी सूट माझ्या ग्राहकालाच द्या. ती व्यवस्था मला तर आणखी चांगली वाटते. तिच्यासाठी शीटमध्ये वेगळी खूण करा.

कमिशनच्या रकमेवर कर कापायचा का, पावती कुणी द्यायची, हे तुमच्या हिशेबनिसांना पहिला हिशेब पाठवायच्या आधीच विचारून घ्या. त्यासाठी भागीदाराचे जे तपशील लागतील ते सुरुवातीलाच मागून घ्या, पैसे द्यायच्या दिवशी नको.

हे सगळं भागीदारांना कसं सांगायचं, याची तुम्हाला धास्ती असेल. कागद पुढे केला की 'आमच्यावर विश्वास नाही का' असं येतं. म्हणून सुरुवात तुमच्यावरच्या बंधनांनी करा. साधारण असा संदेश चालेल :

'नमस्कार. तुम्ही आमच्याकडे विश्वासाने ग्राहक पाठवता. त्याचा हिशेब तुम्हाला मागावा लागू नये म्हणून आम्ही एक पद्धत ठरवली आहे. तुम्ही ग्राहक कळवलात की दोन दिवसांत आम्ही नोंद क्रमांक पाठवू. दर महिन्याच्या ५ तारखेला तुमचा हिशेब येईल आणि १० तारखेपर्यंत पैसे. सोबत एका पानाचे नियम जोडले आहेत. त्यात काही खटकलं तर पंधरा दिवसांत सांगा, आपण बसून बदलू. याआधीचं काही राहिलं असेल तर तेही या महिन्यात कळवा.'

ज्या डिझायनरशी आत्ता वाद झाला आहे, तिला मात्र हा संदेश पाठवून मोकळं होऊ नका. तिला आणि पडदेवाल्यांना भेटा किंवा निदान फोन करा, त्या ग्राहकाचे आकडे समोर ठेवा, त्यांच्या वाट्याची रक्कम सांगा आणि ती त्याच दिवशी चुकती करा. नियमांचं पान त्यांना पाठवायच्या आधी दाखवा आणि त्यांचं मत घ्या. ज्याला त्रास झाला आहे, त्याला नियमांतली पळवाट सगळ्यांत आधी दिसते.

भावाशीही एक गोष्ट ठरवून घ्या. टक्केवारी बदलणं, मुदत वाढवणं, 'बघू, काहीतरी करू' असं म्हणणं, हे दोघांपैकी एकानेच करायचं. नोंदी त्याच्या डोक्यात असतात असं तुम्ही लिहिलं आहे. तो ग्राहकांशी जास्त बोलत असेल, तर त्याच्यावर शीट भरायची सक्ती करू नका, तो चार महिनेही टिकणार नाही. त्याने फक्त एका ठरलेल्या व्हॉट्सॲप क्रमांकावर आवाजी संदेश टाकावा, आणि तुम्ही संध्याकाळी ते ऐकून नोंदी कराव्यात. नोंद एकाच हाताने व्हावी.

ही पद्धत दोन-तीन महिने हाताने चालवा. तेवढ्यात नियमांतली भोकं दिसतील आणि कुठला भागीदार कसे ग्राहक पाठवतो तेही कळेल. एखाद्याच्या वीस नोंदींतून एकच ऑर्डर होते, दुसऱ्याच्या चारांतून तीन होतात आणि पैसेही वेळेवर येतात. पुढच्या वर्षी टक्केवारी ठरवताना ही माहिती हाताशी असेल. महिन्याचा हिशेब काढायला एक दिवस पुरेनासा झाला, किंवा भागीदार 'मला रोज बघता येईल का' असं विचारू लागले, की भावाला सांगा, आता सॉफ्टवेअर बघ. तेव्हा विकणाऱ्याला हे विचारा : हप्त्याहप्त्याने आलेल्या पैशांवर कमिशन निघतं का? परताव्याची उलटी नोंद होते का? फोनवर आलेला ग्राहक हाताने भरता येतो का? भागीदाराला स्वतःपुरतं बघता येतं का? आणि आम्ही सोडून गेलो तर आमच्या सगळ्या नोंदी फाइलमध्ये काढून मिळतात का? यातल्या पहिल्या प्रश्नावर बरीच तयार सॉफ्टवेअर अडखळतील, कारण ती एका क्लिकवर एका खरेदीसाठी बनलेली असतात. तसं झालं तर वेबसाइटच्या विक्रीपुरतं सॉफ्टवेअर आणि ऑर्डरच्या कामाला तुमची शीट, असं दोन्ही चालू ठेवायला हरकत नाही. महिन्याचा हिशेब पाठवताना दोन्ही एकत्र करा.

शेवटचं कलम वेगळे होण्याचं. एखादा भागीदार पुढे तुमच्याबरोबर काम करणं थांबवेल, कधी तुम्हीच थांबवाल. त्याने आधी नोंदवलेल्या ग्राहकांनी मुदतीच्या आत ऑर्डर दिली, तर त्यावरचं कमिशन तो दूर गेल्यावरही त्याचंच राहील आणि पूर्ण पैसे येईपर्यंत त्याला महिन्याचा हिशेब जात राहील, हे स्वच्छ शब्दांत लिहा.